काळ्या चष्म्याचं निरूपण

प्राध्यापक श्रीमंत वाळकीकर यांनी मोबाईलला सांगितलं होतं, "काल्याचे कीर्तन, शैली आणि प्रतीक." मोबाईलनं लिहिलं, "काळे चष्मे किती जण शैली आणि प्रतीक." पुढचं सगळं रामायण या एका ओळीतून घडलं, म्हणून आधी या ओळीचा निकाल लावलेला बरा.

दोष कुणाचा? मोबाईलचा म्हणावा, तर त्या बिचाऱ्याला कुणी कधी सप्त्याला नेलेलं नाही. सात दिवस हरिनाम झाल्यावर शेवटी भर दुपारी काल्याचं कीर्तन होतं, हंडी फुटते, दही-लाह्यांचा काला हातावर पडतो आणि माणूस वर्षभरासाठी हलका होऊन घरी जातो, हे त्याला कोण सांगणार? सरांचा म्हणावा, तर सर त्या वेळी जळकोटच्या बसस्टँडवर उभे होते, कानाशी कंडक्टर "उदगीर, उदगीर" करून राहिला होता आणि अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. सरांनी ओळ सांगितली, बटण दाबलं, फोन खिशात टाकला. लिहिलेलं वाचून पाहिलं नाही. एकदा मुखातून निघालेला शब्द तपासून बघायची सवय कीर्तनाच्या माणसाला नसते. बुवा काय बोलून झाल्यावर मागं वळून वाचतात का?

अर्ज होता नांदेडच्या एका संस्थेतल्या बारा दिवसांच्या उजळणी वर्गाचा. नोकरीत ठरावीक वर्षं झाली की प्राध्यापकालाही पुन्हा बाकावर बसावं लागतं, हजेरी द्यावी लागते आणि पहिल्या दिवसापासूनच एकेकाला परीक्षकांपुढं निबंध मांडावा लागतो. त्या वर्षी भाषेच्या मास्तरांसाठी एकच वर्ग शिल्लक होता. त्याचं नाव 'विज्ञानपट आणि समाज'. खाली बारीक अक्षरांत 'कोणताही सांस्कृतिक विषय चालेल' असं होतं, आणि काल्याहून सांस्कृतिक ते काय, असं सरांचं सरळ म्हणणं होतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. 'आपला विषय, विज्ञानपटांतील पात्रांचे काळे चष्मे : शैली आणि प्रतीक, स्वीकृत करण्यात येत आहे. सादरीकरण वीस मिनिटे, श्रोत्यांकडे तोंड करून, उभे राहून. कागदावरून वाचणे अमान्य.'

सरांनी पत्र तीनदा वाचलं. चष्म्याचा धक्का बसलाच. पण घाम फुटला तो 'श्रोत्यांकडे तोंड करून' या चार शब्दांनी. तीनच आहेत ते. पण घामानं डबडबलेल्या माणसाला चार दिसले.

कारण वाळकीकर सरांना माणसांच्या डोळ्यांची भीती वाटायची. एकेकटं माणूस चाले. पण पाच-पन्नास डोळे एकदम अंगावर आले की त्यांची जीभ टाळूला चिकटे. बावीस वर्षं त्यांनी फळ्याकडं तोंड करून शिकवलं होतं. जळकोटची निम्मी तरुण मंडळी सरांना पाठीवरून ओळखते. गावाकडं, हदगाव तालुक्यात, सप्त्यात ते टाळ घेऊन उभे राहत तेही बुवांच्या बरोबर मागं, फेट्याच्या आडोशाला. पाठांतर असं, की बुवा अडले तर मागून पुढचा शब्द पुरवणारे हेच. पण "सर, अवंदा दोन शब्द तुमी बोला" असं कुणी म्हटलं की सर चप्पल शोधायला लागत. आयुष्यात एकदा तरी पुढं उभं राहावं, अशी आतल्या आत फार इच्छा होती. ती त्यांनी पांडुरंगाशिवाय कुणालाच सांगितली नव्हती, आणि पांडुरंगानंही ती इतके दिवस पोटात ठेवली होती. आता मात्र त्याच्या तोंडून ती नांदेडला फुटलेली दिसत होती.

सरांनी वर्गाचे समन्वयक डॉ. दयानंद यांना फोन लावला.

"सर, विषय बदलून मिळल का?"

"बदलून?" डॉ. दयानंद ओरडलेच. "आवो वाळकीकर सर, अख्ख्या यादीत तुमचा एकच विषय नवा हाय! बाकी समदे 'विज्ञान आणि मानव' घेऊन बसलेत. परीक्षक मॅडम म्हणल्या, हे गृहस्थ कोण हायत, मला यांनाच ऐकायचंय."

"पण मी काल्याचं म्हणलो होतो."

"हाव मग, काळ्याचंच हाय की. आमी रंगीत थोडंच घेतलं?"

"काळ्या न्हाई सर, काला. दही, लाह्या..."

मग डॉ. दयानंद अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "सर, जेवण झालं का तुमचं? झोपा थोडं." आणि फोन ठेवला.

लेखी अर्ज करा, तीन प्रतींत करा, प्राचार्यांमार्फत करा, कारण नमूद करा, असं नंतर कार्यालयातून कळलं. सर तीन प्रती घेऊन प्राचार्य विरूपाक्ष यांच्यापुढं उभे राहिले. प्राचार्यांनी कारणाचा रकाना वाचला. 'मोबाईलला कीर्तन न कळल्यामुळे.'

"सर," प्राचार्य चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "म्होरल्या महिन्यात कॉलेज तपासायला समिती यायलीय. आमच्या मराठीच्या विभागप्रमुखाचं मराठी मशिनीला समजंना, असं मी सही-शिक्क्यानिशी लिहून देऊ?"

"मग दुसरं कारण टाकतो."

"कोणतं?"

सरांनी विचार केला. भीती वाटते, हे कारण तीन प्रतींत लिहिता येण्यासारखं नव्हतं. प्राचार्यांनी तिन्ही प्रतींवर 'दप्तरी दाखल' असा शिक्का मारला. सरकारी भाषेत याचा अर्थ असा, की आता हा कागद कुणाच्याही दृष्टीस पडणार नाही आणि तरीही तो कायम राहील. आत्म्याचंही असंच वर्णन सरांनी ऐकलं होतं.

मग रविवारी दुपारी घरात अभ्यास सुरू झाला. मुलगी शिवांगी लातूरला इंजिनिअरिंगला होती, ती सुट्टीला आली होती. तिनं लॅपटॉपवर एकामागून एक विज्ञानपट लावले. सरांनी अभंग उतरवायची वही उघडली, वर 'श्री' काढला आणि खाली लिहिलं, 'चष्मे'. बायको तनुजा मेथी निवडायला जवळ बसली.

पहिल्या चित्रपटात मंगळावर खाण होती आणि खाणीवर साहेब होता. त्याच्या गॉगलच्या काचा आरशाच्या. जो मजूर समोर जाई, त्याला त्या काचेत स्वतःचंच तोंड दिसे. दुसऱ्यात एक बाई होती. तिचा चष्मा इतका बारीक, की डोळ्यांवर काळ्या दोऱ्याची गाठ मारल्यागत वाटावं. तिला जगाचं काहीतरी गुपित ठाऊक होतं, म्हणून ती कुणाशीच नीट बोलत नव्हती. तिसऱ्यात यंत्रमानव होता. मारामारीत त्याचा गॉगल फुटला आणि आत डोळ्यांच्या जागी लाल दिवा निघाला.

"अगं बया," तनुजा म्हणाली, "म्हून झाकून राहिला होता व्हय ते!"

"मम्मी, ते सिम्बॉल हाय," शिवांगी म्हणाली. "डोळे दिसले न्हाईत की माणूस पॉवरफुल वाटतो. स्टाईल असती ती."

"कसली स्टाईल? मघापासून बघून राहिले मी. भुयारात चष्मा, पावसात चष्मा, यानात बसला तरी चष्मा. आवं, ऊन कुठं हाय तिथं? सूर्यच न्हाई तर ह्यांच्या डोळ्याला लागायलंय काय?"

शिवांगीनं कपाळाला हात लावला. सरांनी मात्र पेन्सिल थांबवली. निरूपणाला बसलेल्या माणसाला श्रोत्यांतून एखादा असा प्रश्न येतो, की बुवाही क्षणभर चिपळ्या थांबवतात. सरांनी वहीत लिहिलं, 'ऊन नसताना चष्मा कशाला?' आणि त्यापुढचं अर्धं पान कोरं सोडलं.

"पप्पा, निबंध होईल हो. पण तिथं बोलताना गॉगल घालून उभं राहा. इम्प्रेशन पडतंय."

या सल्ल्यापायी सर माणिकप्पांच्या दुकानात गेले. माणिकप्पा शेजारी राहत, बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक चहाला आलं असलं तरी आधी त्याची नजर तपासायची, असा त्यांचा धर्म होता.

"शरणार्थ सर! बसा. वरची ओळ वाचा."

"माणिकप्पा, मला साधा काळा गॉगल पायजे."

"साधा? तुमचा नंबर उणे साडेचार. साधा घातला तर सर, घरच्या अक्कांना सोडून कुणाच्या बी अक्कांना हाक माराल. नंबरचाच करू. काच लातूरहून येती. पण मॉडेल कोणतं?"

सरांनी वही उघडून वाचलं. "मंगळावरच्या साहेबासारखं न्हाई. जगाचं गुपित कळलेल्या बाईसारखंही न्हाई. मधलं काहीतरी."

माणिकप्पांनी वीस वर्षांत बऱ्याच मागण्या ऐकल्या होत्या. ते मान हलवत म्हणाले, "कळलं. प्रोफेसरांचं मॉडेल."

चष्मा आला तो नांदेडला निघायच्या चार दिवस आधी. काचा गडद, काड्या रुंद. सरांनी तो दुकानातच डोळ्यांवर चढवला आणि त्यांना जग दिसायचं बंद झालं. म्हणजे दिसत होतं, पण दुधात पडल्यासारखं. शिवाय रस्ता वर आला होता. दर पावलाला तो गुडघ्याशी येई आणि पाय टाकला की खाली जाई. नवा चष्मा आहे, सवय होईल, असं मनाशी म्हणून सर ओढा ओलांडल्यागत पाय उचलत बाजारातून निघाले.

जळकोटमध्ये पन्नाशीच्या माणसानं भर बाजारात काळा चष्मा घातला, तर त्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं, डोळे आले. दुसरं, मोतीबिंदू काढला. तिसरं, नगरपंचायतीला उभा राहायलाय. चौथं कारण अजून गावात घडलेलं नव्हतं.

भाजीवाल्या पारूबाईनं लांबूनच पदर तोंडाला लावला. "सर, डोळे आले का वं? दुरूनच सांगा काय पायजे ते. आन् गुलाबपाणी घाला, दुसरं कायबी घालू नका."

"डोळे न्हाई आले पारूबाई, हे संशोधन हाय."

"तेच म्हणले मी, डॉक्टर आता नवीनच नाव सांगून राहिलेत. पण औषध गुलाबपाणीच."

दुधवाला फाटकाबाहेरून दूध ओतून जाऊ लागला. वर्गात मुलांनी पहिल्यांदाच एकमतानं ठराव करून सरांना विश्रांती घ्यायला सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी चौकात एक फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा काळ्या चष्म्यातला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे मार्गदर्शक, भावी नगरसेवक.' वॉर्डातले दोन इच्छुक त्याच दिवशी घरी येऊन चहा पिऊन गेले.

"सर, खरंच उभं राहून राहिलात का?" एकानं विचारलं.

"राहायचंय," सर कळवळून म्हणाले. "पण वीसच मिनिटं."

दोघंही इच्छुक एकमेकांकडं बघत उठले. वीस मिनिटांत निवडणूक लढवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्याच्या मागं कुणीतरी फार मोठं असणार, असं त्यांचं मत झालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माणिकप्पा घामाघूम होऊन आले.

"सर, घात झाला. त्या दिवशी दोन चष्मे आले होते. एक तुमचा, एक आमच्या रत्नम्मा आत्याचा. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की न्हाई, तिलाबी काळाच सांगितला होता. पाकिटं बदलली. तुमच्या डोळ्यांवर आत्याचा नंबर हाय, तो बी अधिकचा."

"आन् माझा?"

"तो घालून आत्या शिरूर अनंतपाळला लेकीकडं गेली. फोन आलता. तिथं ती जावयाला खांब समजून टेकून उभी राहिली म्हणं."

"मग आता?"

"ती सोमवारी येणार, तुमचं बोलणं उद्या. मी बी काय करू सर? मान खाली घालून आलोय."

माणिकप्पांची मान खरोखरच खाली होती. सरांचा जीव कळवळला. चूक कबूल करायला चालत आलेल्या माणसावर रागावणं त्यांना कधी जमलंच नाही. "आसू द्या, माणिकप्पा," ते म्हणाले, "आत्यांना म्हणा, जावयाची माफी मागा तेवढी." चष्मा त्यांनी तरीही पेटीत ठेवून खिशात टाकला. घालायचा नाही, पण परीक्षकांना नमुना म्हणून दाखवता येईल, असं शिवांगीचं म्हणणं पडलं.

नांदेडच्या त्या सभागृहात दुसऱ्या दिवशी एकेचाळीस प्राध्यापक बसले होते. सकाळपासून अकरा जणांचं 'विज्ञान आणि मानव' झालं होतं. पंखे फिरत होते. परीक्षक मॅडम पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. सरांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं गाढ झोपेत होते.

शिवांगीनं लॅपटॉपवर करून दिलेली चित्रं पडद्यावर उमटलीच नाहीत. अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी आल्या. डॉ. दयानंद वायर काढत होते, घालत होते, वायरीला फुंकर मारत होते. शेवटी म्हणाले, "तसंच बोला सर, तुमचा विषय तसाबी डोळ्यांचाच हाय."

सर पुढं उभे राहिले. मागं फळा नव्हता, पुढं फेटा नव्हता. वर बघितलं आणि ते आले! डोळे. काही पेंगुळलेले, काही मोठे, काही मोबाईलमधून नुकतेच वर आलेले. सगळे मिळून एकदम. सरांची जीभ टाळूला लागली. "आ..." असं एक अक्षर बाहेर पडलं आणि तिथंच राहिलं. अर्धं मिनिट गेलं. मॅडमनी टोपण लावलं. डॉ. दयानंदांनी घड्याळ पाहिलं. झोपलेले दोघं शांततेनं जागे झाले, म्हणजे आणखी चार डोळे वाढले.

हात आपोआप खिशात गेला. बुडणाऱ्याच्या हाताला काय लागेल ते लागतं. सरांच्या हाताला रत्नम्मा आत्याचा चष्मा लागला. त्यांनी आपला चष्मा खिशात टाकला आणि तो डोळ्यांवर चढवला.

डोळे विझले. एकूण एक. समोर राहिलं ते नुसतं पांढरं-काळं धुकं, सप्त्याच्या मांडवात धुपाच्या धुरामागं बसलेल्या माणसांसारखं. त्या धुक्याकडं तोंड करून श्रीमंत वाळकीकर यांनी दोन्ही हात जोडले आणि मांडवात घुमावा असा आवाज लावला,

"बोला... रामकृष्ण हरी!"

सभागृह दचकलं. पण नांदेड-लातूरकडच्या एकेचाळीस माणसांत निम्मी तरी सप्त्याची असतातच. मागच्या बाकांवरून आपसूक आलं, "रामकृष्ण हरी!"

"तर मंडळी, विषय चष्म्याचा. कुणाच्या? आपल्या न्हाई. जो काळ अजून उगवला न्हाई, त्या काळातल्या माणसांच्या! पहिला चष्मा सत्तेचा. काच आरशाची. साहेबापुढं उभं राहा, साहेबाचे डोळे दिसणार न्हाईत. दिसंल ते तुमचंच तोंड, तेबी पडलेलं. आता सांगा मंडळी, हा साहेब फक्त मंगळावरच असतो का?"

"न्हाई!" मागून जोरात आलं. अर्ज मंजूर न झालेला कुणीतरी असावा.

"दुसरा चष्मा गुपिताचा. बारीक. त्या बाईला जगाचं खोटेपण कळलंय, ते डोळ्यांतून सांडू नये म्हून तिनं झाकण लावलंय. तिसरा यंत्राचा. त्याला लपवायला कायबी न्हाई, कारण आत डोळाच न्हाई. लाल दिवा! वरून रुबाब किती बघा, आन् काच फुटली की वायरीच वायरी."

बोलता बोलता सर चालायला लागले. आत्याच्या नंबरानं फरशी वर येत होती, म्हणून ते पाय गुडघ्यापर्यंत उचलत, अंदाज घेत, हळूच टेकवत होते. समोरच्यांना वाटलं, सर यंत्रमानव करून दाखवताहेत. टाळ्या पडल्या. मॅडमनी टोपण काढून काहीतरी लिहिलं. कुणीतरी बाकावर बोटांनी ठेका धरला, पखवाजासारखा. सरांच्या अंगात ठेका भिनला.

"पण मंडळी, खरा सवाल माझ्या घरच्यांनी केला. मेथी निवडता निवडता केला. म्हणल्या, भुयारात ऊन न्हाई, यानात ऊन न्हाई, मग चष्मा कशाला? लई अभ्यास केला मी. उत्तर सापडलं न्हाई. आत्ता, इथं, तुमच्यापुढं उभा राहिल्यावर सापडलं." सरांचा आवाज खाली आला. "ऊन आभाळात नसतंच. ऊन समोरच्याच्या नजरेत असतं. ते लागतं माणसाला. साहेबाला वाटतं, माझं कुणाला कळल. त्या बाईला वाटतं, माझं कुणाला कळल. म्हून झाकायचं. आपण म्हणतो रुबाब, आपण म्हणतो स्टाईल. ती भीती असती, मंडळी! काळी काच लावलेली भीती."

ठेका थांबला होता. पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

"म्हून शेवट बघा त्या गोष्टींचा. खोट्याचा चष्मा दुसरा कुणीतरी फोडतो. आन् खऱ्या माणसाचा? तो स्वतःच्या हातानं काढतो."

हे वाक्य बोलून झालं आणि सरांच्या लक्षात आलं, की आपण कुठं येऊन पोचलो. निरूपणाचा एक कायदा आहे. बुवांनी 'लोभ सोडा' म्हटलं आणि उपरण्यात नारळ बांधला, तर श्रोते दुसऱ्या दिवशी येत नाहीत. धुकं वाट बघत होतं. तेवढ्यात मागून देगलूरकडचे एक वयस्क गुरुजी अगदी मायेनं म्हणाले,

"मग काढा की, सर."

सरांनी चष्मा काढला. खिशातून आपला, रोजचा, उणे साडेचारचा घेतला आणि घातला.

डोळे परत आले. सगळे, एकदम, स्वच्छ. पण इतकी वर्षं सरांनी ते कधी नीट बघितलेच नव्हते. बघायच्या आधीच पाठ फिरवली होती. आता बघितले. देगलूरचे गुरुजी डोळे पुसत होते. मघाचे झोपलेले दोघं पुढं सरकून हनुवटीला हात लावून बसले होते. डॉ. दयानंदांचं तोंड उघडं होतं, वायर हातातच होती. यातला एकही डोळा सरांचं काही काढून घ्यायला आलेला नव्हता. सगळे नुसते वाट बघत होते, ताट वाढून घेतलेल्या माणसानं वरणाची वाट बघावी तशी.

"पुढं?" परीक्षक मॅडम म्हणाल्या.

पुढं! इतकी वर्षं फेट्याच्या मागून दुसऱ्याला पुरवलेला प्रत्येक शब्द सरांच्या ओठांशी रांग लावून उभा राहिला. सर बोलू लागले. चष्म्यावरून डोळ्यावर आले, डोळ्यावरून दृष्टीवर, दृष्टीवरून दृष्ट काढण्यावर. भविष्यातल्या माणसाला दृष्ट लागली तर मीठ-मिरच्या कुठून आणायच्या, यावर सात मिनिटं गेली. यंत्रमानवाला काल्याचा प्रसाद द्यावा की नाही, यावर दहा. द्यावा, असं ठरलं. वीस मिनिटं झाली तेव्हा डॉ. दयानंदांनी घंटी वाजवली. सरांनी ती तालात घेतली. चाळीस झाली तेव्हा त्यांनी पुढं येऊन एक चिठ्ठी ठेवली, 'वेळ संपली'. सरांनी ती मोठ्यानं वाचली.

"वेळ संपली! बघा मंडळी, किती खोल वाक्य हाय. कुणाची संपली? कधी संपती?"

आणि त्यावर आणखी अर्धा तास झाला. दाराशी जेवणाचे वाढपी आले, परत गेले, पुन्हा आले आणि मग पळी हातात धरून तिथंच भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले.

पंधरा दिवसांनी जळकोटला पोस्टानं प्रमाणपत्र आलं. सोबत परीक्षकांचा शेरा होता. सरांनी तो ओसरीवर बसून मोठ्यानं वाचला. 'विषय नवीन. मांडणी उत्तम. यंत्रमानवाच्या चालीचा अभिनय विशेष उल्लेखनीय. दोष : वक्त्यास वेळेचे भान नाही. दुपारचे भोजन पूर्णपणे थंड झाले.'

"हे काय लिवलंय?" तनुजा आतून म्हणाली. "शेवटी नाव ठेवलंच की."

शेवटची दोन वाक्यं सरांनी बोट ठेवून पुन्हा वाचली, आणि कागद कपाळाला लावला. आजवर ज्या ज्या बुवांच्या मागं त्यांनी टाळ धरला होता, त्यातल्या प्रत्येकाबद्दल भटारखान्यातून हीच तक्रार आलेली त्यांनी आपल्या कानांनी ऐकली होती.